बोलावणे आणि बांधीलकी

पारोळा तालुक्यातील एका घराची कल्पना करू. साल २०२०, जून महिना. पहिला पाऊस पडून गेला आहे आणि कपाशीच्या लागवडीची घाई आहे. मार्चमध्ये सुरतेहून परतलेला घरचा कर्ता मुलगा बांधावर उभा असताना फोन वाजतो. पलीकडे यंत्रमाग कारखान्याचे शेठ असतात. "भाऊ, माग सुरू झाले. सोमवारपर्यंत ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवावा लागेल." घरात आई आजारी, लागवड अर्धवट, गाठीला पैसा नाही आणि शहरात साथ अजून ओसरलेली नाही. त्याने जावे की न जावे? न गेल्यास तो कर्तव्यचुकार ठरतो काय?

प्रसंग काल्पनिक असला तरी प्रश्न काल्पनिक नाही. खानदेश आणि सुरत यांचे नाते जुने आहे. पारोळा हे सुरत-नागपूर महामार्गावरचे गाव. जवळच्या अमळनेरला आगगाडीत बसले की तापीच्या खोऱ्यातून उधना गाठता येते. उधना, लिंबायत या भागांत खानदेशी कुटुंबांच्या वस्त्याच आहेत. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि माग थांबले. 'टाळेबंदी' हा शब्द कामगारांना नवा नव्हता. पूर्वी मालक टाळे लावी आणि कामगार बाहेर राही. या खेपेस दोघेही घरी बसले. दोष कोणा एकाचा नव्हता, म्हणूनच न्यायाचा प्रश्न अधिक अवघड झाला.

काम तात्पुरते थांबले असता कामगाराला हजेरीपटावर ठेवूनच घरी बसवणे, याला आपण 'ले-ऑफ' म्हणतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने त्याचे नियम घालून दिले होते. पन्नास वा अधिक कामगार असलेल्या बिगरहंगामी कारखान्यात ज्याची वर्षभर सलग सेवा झाली आहे, त्याला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. पण त्यानेही ठरल्या वेळी रोज हजेरी द्यावी, आणि त्याच मालकाने पाच मैलांच्या आत योग्य असे पर्यायी काम देऊ केले तर ते नाकारू नये, अशी अट होती. ज्याला कपातीत काढून टाकले, त्याला नव्या भरतीत प्रथम संधी मिळावी, हेही कायद्याने सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली असली, तरी निम्म्या भरपाईचे तत्त्व तिनेही राखले आहे. यात ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, कायद्याने हक्क आणि कर्तव्य एकाच दोरीला बांधले. मालकाने अर्धा घास दिला, म्हणून कामगाराने तयार राहावे.

टाळेबंदीत ही दोरी ताणली गेली. २९ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला आणि १८ मेपासून तो मागे घेतला गेला. १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक व कामगार यांनी वेतनाविषयी आपसांत वाटाघाटी कराव्यात. जे काम करण्यास राजी आहेत त्यांना काम करू द्यावे, आणि तसे केल्याने त्यांच्या थकीत वेतनाच्या हक्कास बाध येऊ नये. म्हणजे कामावर रुजू होणे ही मागच्या हिशेबाची पावती नव्हे.

परंतु आपल्या पारोळ्याच्या मुलाजवळ नेमणुकीचा कागद नाही. मीटरवर मजुरी, मुकादमाच्या वहीत नाव. त्याच्यापर्यंत कायदा पोचतच नाही. मग त्याची बांधीलकी कशाने मोजावी?

मला वाटते, बोलावण्याचे वजन मधल्या काळात राखलेल्या नात्यावरून ठरते. ज्या मालकाने त्या दोन-अडीच महिन्यांत विचारपूस केली, जमेल तेवढी रक्कम धाडली, खोलीच्या भाड्याची सोय पाहिली, त्याची हाक कामगाराच्या सद्सद्विवेकाला बांधते. ज्याने गाडी बंद होताच पाठ फिरवली, त्याने निष्ठेची भाषा बोलू नये. त्याने कामाचा दर सांगावा आणि उत्तराची वाट पाहावी. मालकाची बाजूही पाहिली पाहिजे. लहान कारखानदार स्वतः कर्जाच्या हप्त्यांखाली दबलेला असतो. त्याची घाई हा प्रत्येक वेळी लोभ नसतो.

मात्र एक कर्तव्य नाते कसेही असले तरी सुटत नाही, आणि ते म्हणजे उत्तर देणे. "येतो" म्हणून न जाणे, उचल घेऊन फोन बंद करणे, हा गरिबाचाही हक्क नाही. त्यापेक्षा "आईला बरे वाटेपर्यंत पंधरा दिवस द्या, नाही जमले तर जागा भरा" असे स्वच्छ सांगणे सचोटीचे. मालकानेही बोलावण्यापूर्वी दर, राहण्याची सोय आणि आजारापासून बचावाची व्यवस्था सांगावी. खरी अडचण ही गैरहजेरी म्हणून लिहू नये.

सर्वांत कठीण पेच पुढेच आहे. समजा, पंधरा दिवसांनी मुलगा पोचला आणि त्याच्या मागावर दुसरा कोणी उभा आहे. त्याच्याही घरी लेकरे आहेत. पहिल्याचा हक्क आधीचा खरा, पण दुसरा चोर नव्हे. येथे दोघांना भांडायला लावून दर पाडणे हेच पाप. पाळ्या वाटून देणे, पुढचा रिकामा माग पहिल्याला राखून ठेवणे, असा मार्ग शोधण्याचा भार ज्याच्या हाती वही आहे त्याच्यावर अधिक पडतो.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मालक व कामगार या दोघांचीही कर्तव्ये सांगितली. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी ते नाव घेताना याच परिपत्रकाचे स्मरण केले. त्याहून जुनी आहे प्रभू येशूची द्राक्षमळ्याची कथा. दिवस कलला तरी चौकात उभे असलेले मजूर आळशी नव्हते. त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. घरी बसवलेल्या माणसाकडे पाहताना आपण एवढे तरी आठवावे.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी कामावर बोलावतो, कुणी बोलावला जातो. घरच्या मोलकरणीला महिनाभर "येऊ नकोस" असे सांगून पुन्हा हाक मारणारे आपणही मालकच असतो. तो महिना आपण तिच्या पगारात धरला होता काय? या प्रश्नाचे उत्तर देता आले, तरच तिच्या उशिरा येण्याबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.