झाळ आतून पक्की आहे का?

गुरुकुंज मोझरीत वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाला आपल्या कामाचा हिशेब केवळ बिलाच्या वहीत संपवता येत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला आणि ग्रामगीतेत श्रमाला संपत्ती मानलं. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला डोळे मिटले की मनात एकच प्रश्न येतो: आज जी झाळ दिली, ती आतून पक्की आहे का?

हातात इन्व्हर्टर टिग मशीन आल्यापासून हा प्रश्न जास्त टोचतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं धूड हलवायला माणसं लागत आणि त्याचा एसी लाइनच्या ५० हर्ट्झला बांधलेला असे. इन्व्हर्टर आधी विजेचं डीसी करतो, मग ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो. त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान होतो आणि अख्खं मशीन एका हातात उचलता येतं. अॅल्युमिनियमच्या कामाला तर हे वरदानच. हा धातू ६६० अंशांना वितळतो, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांच्या पुढे. म्हणून एसी लागतो. मशीनचं टंगस्टनचं टोक पॉझिटिव्ह असताना पापुद्रा फुटतो, निगेटिव्ह असताना उष्णता धातूत उतरते. नव्या मशीनवर निगेटिव्हचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास ठेवता येतो. फ्रिक्वेन्सी शंभरापर्यंत नेली की आर्क बारीक आणि स्थिर होतो. बेताच्या हातालाही चकचकीत, एकसारखी झाळ जमू लागते.

माझी परीक्षा इथूनच सुरू होते. झाळ सुंदर दिसली म्हणून ती खरी ठरते का?

वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये जेवढा हायड्रोजन मावतो, त्याचा सुमारे विसावा भागच घट्ट झालेल्या धातूत राहू शकतो. बाकीचा बुडबुडे होऊन आत अडकतो. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, ग्रीसमधून. उपाय साधा आहे: अॅसिटोनने पुसायचं, अॅल्युमिनियमसाठीच राखून ठेवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने घासायचं, रॉडही स्वच्छ ठेवायचा. पण गिऱ्हाईक दारात घाई करत असतं. अशा वेळी घासण्याऐवजी नॉब फिरवून क्लीनिंग वाढवण्याचा मोह होतो. त्याने वरचा पापुद्रा जातो, तेल जात नाही. शेवटी करंट हळूहळू उतरवला नाही, तर झाळेच्या टोकाच्या खळग्यात बारीक चीर पडते. झाळेला हवेपासून झाकणारा आर्गन वायू महाग आहे, म्हणून आर्क विझल्यावर तो लवकर बंद करावासा वाटतो. वाचलेले दोन पैसे माझ्या खिशात येतात आणि खोट दुसऱ्याच्या घरी जाते.

महाप्रसादाचा जर्मनचा गंज असेल, तर खोट लगेच कळते. पाणी ओतलं की गळतं. नागपूर-अमरावती रस्त्यावर रोज धावणाऱ्या मोटरसायकलचं तडकलेलं अलॉय व्हील मात्र गळून सांगत नाही. गिऱ्हाईक विचारतं, “भाऊ, चालन काय?” चालन म्हणणं फार सोपं आहे. आजूबाजूला तसं म्हणणारे आहेत, आणि मी नाही म्हटलं तर ते चाक त्यांच्याकडे जाईल, हेही मला ठाऊक आहे. पण असे भाग कारखान्यात उष्णतेचे संस्कार देऊन मजबूत केलेले असतात. झाळेच्या उष्णतेने तो संस्कार उतरतो. ६०६१ टी-६ सारख्या मिश्रधातूची झाळेलगतची ताकद एक तृतीयांशाहूनही अधिक कमी होऊ शकते. कितीही महागड्या मशीनने ती परत येत नाही. त्या चाकावर मागे बसलेलं लेकरू मला दिसत नसेल, तर मला माझं काम कळलेलंच नाही.

तेच दुकानात काम शिकणाऱ्या पोरांचं. लाल टोकाच्या टंगस्टनमध्ये किरणोत्सारी थोरियम असतं आणि ते घासताना उडणारी धूळ छातीत जाते. लॅन्थॅनमचं निळं किंवा सोनेरी टंगस्टन मिळतं आणि इन्व्हर्टरवर उत्तम चालतं. मग लाल कशाला? चकचकीत अॅल्युमिनियमवरून उलटणारा प्रकाश शेजारी उभ्या असलेल्याच्याही डोळ्यांवर येतो. माझ्या चेहऱ्यावर चांगली काच असून पोरगं उघड्या डोळ्यांनी उभं असेल, तर त्याला मी कोणती विद्या देतो आहे?

१९४१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी विमानाच्या हलक्या धातूंसाठी ही टिग पद्धत घडवली. विमानाच्या कामात महत्त्वाची झाळ क्ष-किरणांनी तपासली जाते. मोझरीसारख्या गावातल्या दुकानात असा तपासनीस येत नाही. मशीनवरचे आकडे करंट सांगतात, आतली पोकळी सांगत नाहीत. धातू नीट घासला होता की नाही, हे फक्त झाळ देणाऱ्याला माहीत असतं. म्हणून इथे मन हाच तपासनीस, आणि त्याला गप्प बसवण्याचा अधिकार मी स्वतःला देणार नाही.

वऱ्हाडातल्या माझ्या वेल्डिंगवाल्या भावांनो, नवं मशीन जरूर घ्या, त्याचा प्रत्येक नॉब समजून घ्या. पण धातू घासल्याशिवाय आर्क लावू नका, शिकणाऱ्या पोराला आधी काच द्या, आणि तडकलेलं चाक आलं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगा: “भाऊ, हे झाळायचं नाही, बदलायचं.”