एवढासा तुकडा

पाहुणा ताटातले न खाता उठला तर घरच्या बाईच्या मनाला ते लागते. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इस्राएलला येताना आपण पुष्कळ गोष्टी मागे ठेवल्या, पण आग्रहाची सवय बरोबर आणली. सवय चांगली आहे. परंतु एका दुखण्याने तिच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा केला आहे. त्या दुखण्याचे नाव सिलिअ‍ॅक.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे द्रव्य असते. (राय म्हणजे आपली मोहरी नव्हे.) सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाने ते खाल्ले की त्याचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. मग खाल्लेले अंगी लागत नाही, रक्त कमी होते, मूल वाढत नाही. जगात सुमारे शंभरात एकाला हे दुखणे असते. डॉ. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि ही आजारी मुले मात्र सुधारली. पुढे पाव परत आला आणि दुखणेही परत आले. 1950 साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही यावर दुसरे औषध नाही. ग्लुटेन जन्मभर टाळणे हाच उपाय. मात्र तपासण्या पुऱ्या होण्यापूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास दुखणे तपासणीत दिसत नाही.

आता समजा, आपल्या नातीला हे दुखणे निघाले आणि आपण दुकानात गेलो. पाव, पिठा, कुसकुस, बुरगुल, रवा, मैदा, शेवया ही उघड नावे आहेत, ती सहज टाळता येतात. फसवतात ती दुसरीच. तांदळाच्या दाण्यासारखे दिसणारे पतितीम 1950 च्या दशकातील टंचाईच्या काळी तांदळाऐवजी काढले गेले. ते गव्हाचेच आहेत. कुस्मीनचा पाव प्रकृतीला चांगला म्हणून लोक घेतात, पण कुस्मीन ही गव्हाचीच जात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. आपल्या भारतीय दुकानातील हिंगाच्या डबीतसुद्धा पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. तांदळाच्या पिठात केलेला हिंग निराळा मागावा लागतो. शूकमध्ये गोणीतून मोजून घेतलेले बेसन किंवा तांदळाचे पीठही भरवशाचे नाही, कारण शेजारच्या गोणीतले माप याच गोणीत येते आणि एकाच गिरणीवर सर्व धान्ये दळली जातात. म्हणून बंद पाकीट घ्यावे आणि त्यावर ‘लेलो ग्लुटेन’ लिहिलेले पाहावे.

वस्तू उलटून छाप पाहणे आपल्याला शिकवावे लागत नाही. कश्रूथ पाळणारी बाई ते पूर्वीपासून करीत आली आहे. मात्र एक शिक्का दुसऱ्याचे काम करीत नाही. ‘कोशेर ले-पेसाह’ पाहून वस्तू बिनधास्त घेऊ नये. मात्सा बहुधा गव्हाचाच असतो आणि मात्साचे पीठ घातलेली केकसुद्धा कोशेर ले-पेसाह असू शकते.

खरी अडचण दुकानात नसून घरात आहे. “अगं, एवढासा तुकडा खा, काही होत नाही,” असे म्हणणारी आजी किंवा आत्या वाईट नसते. पण तिचे म्हणणे योग्य आहे काय? कश्रूथच्या नियमांत अनेक बाबतीत असे आहे की, निषिद्ध पदार्थ चुकून साठ पटीत मिसळला तर तो नाहीसा झाला असे धरतात. आतड्याला हा हिशेब ठाऊक नाही. ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी एका किलोत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन नसावे असे आंतरराष्ट्रीय माप आहे, म्हणजे पन्नास हजारांत एक भाग. पेसाहात हामेत्साचा कणही चालत नाही, म्हणून आपण कपाटाचे कोपरे पुसतो, भांडी निराळी काढतो. तेव्हा “एका कणाने काय होते?” असे आपल्या घरात कोणी विचारीत नाही. जी काळजी आपण सात दिवस घेतो, ती या मुलीसाठी वर्षभर घ्यावयाची आहे. देवाच्या आज्ञेसाठी कण मोजणाऱ्याने लेकराच्या जिवासाठी तो मोजण्यास कंटाळावे, हे बरोबर दिसत नाही. आज्ञा माणसाने त्यांच्या योगे जगावे म्हणूनच दिल्या आहेत.

मात्साचेही तसेच. सेदेरच्या रात्री मात्सा खाणे ही आज्ञा आहे, आणि तो पाच धान्यांपैकीच एकाचा हवा. परंपरेने ओट त्यांत धरले जाते. अशा रुग्णांसाठी गव्हाचा स्पर्श न झालेल्या ओटचा मात्सा मिळतो. काही थोड्यांना ओटही सोसत नाही. त्यांनी डॉक्टरांना व रब्बींना विचारावे, स्वतःला इजा करून पुण्य शोधू नये.

मग सर्व घराने गहू सोडावा काय? मला तसे वाटत नाही. ज्याला पाव पचतो त्याने तो खावा, निराळ्या सुरीने कापून. पण जे सर्वांनी मिळून खावयाचे, ते सर्वांना खाता येईल असे असावे. सणाच्या दिवशी एका मुलीपुढे निराळी बशी ठेवून बाकीच्यांनी गोड खाणे, हे पोट भरते पण मन मोडते. आणि आपल्याला हे अवघड नाही. आपले मूळचे अन्न भाताचे आहे. तांदळाची भाकरी, घावन, नारळाच्या रसातले कालवण, मनुकांचे शरबत यांत गहू कोठे आहे? एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात पोहे, खोबरे, साखर, वेलची आणि फळे असतात. त्या ताटाला ती मुलगी सर्वांबरोबर हात लावू शकते. रोश हशानाचा चिकाचा हलवा मात्र गव्हाच्या चिकाचा. तो कॉर्नफ्लॉवरचा केला तर चव थोडी बदलेल, पण ताट एकच राहील.

शेवटी एक गोष्ट सांगतो. “यात गहू आहे का?” असे कोणी विचारले तर तो आपल्या हाताच्या चवीचा अपमान समजू नये. माहीत नसताना खुशाल “नाही” म्हणणे, किंवा मुद्दाम लपवून खाऊ घालणे, ही प्रेमाच्या नावाखाली केलेली फसवणूक होय. अशा वेळी “मला ठाऊक नाही, पाकीट पाहू या” एवढे म्हणावे. त्यात यजमानाची मान खाली जात नाही, आणि विचारणाऱ्याला त्या घरी पुन्हा जेवायला यावेसे वाटते.