वाहती देवता आणि मांडवातली मूर्ती

सातारा जिल्ह्यातील वाई हे गाव कृष्णा नदीच्या वरच्या खोऱ्यात, महाबळेश्वर-पाचगणीची डोंगररांग आणि मांढरदेवाचे डोंगर यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात वसलेले असून, भात, ऊस आणि हळद पिकवणाऱ्या आसपासच्या खेड्यांची ती जुनी बाजारपेठ आहे. या गावात माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव होतो, आणि तो एका ठिकाणी न होता भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि गंगापुरी अशा सात घाटांवर पाळीपाळीने होतो. प्रत्येक घाटावर मांडव पडतो, देवीची मूर्ती आणून बसवली जाते, पूजा, नैवेद्य, कीर्तन, हळदीकुंकू आणि महाप्रसाद होतात. आणि या साऱ्या काळात मूर्तीपासून काही पावलांवर, घाटाच्या पायरीशी, जिची ती मूर्ती आहे ती नदी वाहत असते. देवता प्रत्यक्ष समोर असताना तिची प्रतिमा का करावी, आणि जी कधी दूर गेलीच नाही तिला सात वेळा बोलवावे तरी का, हा प्रश्न या उत्सवातच दडलेला आहे.

उत्सवाची उत्पत्ती परंपरा नवसाशी जोडते. वाई प्रांताची सुभेदारी 1649 पासून विजापूरच्या अफझलखानाकडे होती. 1659 मध्ये तो शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हा महाराजांना यश मिळावे म्हणून शेंड्ये घराण्यातील एका शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला आणि खानाच्या वधानंतर तो उत्सवरूपाने फेडला, असे गावात सांगितले जाते. नवसाला कोणीतरी ऐकणारा लागतो, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे अठराव्या शतकात रास्ते घराण्याच्या आश्रयाने घाट आणि मंदिरे उभी राहून गावाला आजचे रूप आले.

देवता खरोखर ऐकते काय, हा वाद भारतीय दर्शनांत फार जुना आहे, आणि त्यातील एका पक्षाचे विसाव्या शतकातील मोठे अभ्यासकेंद्र याच घाटांच्या गावात होते, हा योग मोलाचा मानला पाहिजे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे संस्थापक नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासानंतरचे केवलानंद सरस्वती, यांनी सिद्ध केलेला सात खंडांचा मीमांसाकोश वाईतूनच प्रकाशित झाला. पूर्वमीमांसा म्हणजे वेदातील कर्मविधींचा अर्थ लावणारे शास्त्र. जैमिनींच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामी नवव्या अध्यायात निःसंदिग्धपणे म्हणतात की देवतेला शरीर नाही, ती हवी खात नाही, प्रसन्न होत नाही आणि फळही देत नाही. फळ मिळते ते कर्मातून उत्पन्न होणाऱ्या ‘अपूर्व’ नावाच्या अदृश्य सामर्थ्यामुळे. अर्पण केलेले अन्न बेचव होते, म्हणजे मधमाशीप्रमाणे देवता त्यातील रस घेते, या युक्तिवादाला त्यांचे उत्तर असे आहे की ते अन्न वाऱ्याने आणि थंड झाल्याने बेचव होते. हा निर्मळ तर्क ज्यांनी पचवला, त्यांच्याच गावात कृष्णाबाईपुढे दरवर्षी नैवेद्याचे ताट ठेवले जात होते.

वेदान्ताची भूमिका निराळी आहे. ब्रह्मसूत्रांच्या देवताधिकरणात देवतांना विग्रह, म्हणजे देह, मानला असून, योगी जसा एकाच वेळी अनेक देह धारण करतो तशी देवताही अनेक यज्ञांत एकाच वेळी उपस्थित राहू शकते, असे शंकराचार्य तेथे प्रतिपादतात. त्यामुळे सात घाटांची अडचण सहज सुटते. त्याच ग्रंथातील ‘अभिमानी देवता’ ही कल्पना पाणी आणि त्या पाण्याला ‘मी’ म्हणणारे चैतन्य यांत भेद करते. तो भेद मान्य केला तर पाणी म्हणजे देवी नव्हे आणि मूर्तीही देवी नव्हे; दोन्ही तिच्या ठिकाणच्या खुणा ठरतात. प्रतीकोपासनेविषयी आचार्यांचा नियम असा की प्रतीकात ब्रह्म पाहावे, ब्रह्माला प्रतीकाएवढे करू नये.

तरीही नदीऐवजी मूर्तीच का, याचा उलगडा या दोन्ही शास्त्रांतून पुरता होत नाही, कारण दोघांचीही दृष्टी देवतेच्या स्वरूपावर आहे आणि उत्सवाचा गाभा पाहुणचारात आहे. षोडशोपचारांतील आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य ही सारी घरी आलेल्या अतिथीची क्रमवार सेवा आहे, आणि आसन देता येते ते बसणाऱ्याला. नदी बसत नाही. ती क्षणभरही थांबली तर नदी राहत नाही. शेतकऱ्याला वर्षभर जिच्याकडून केवळ घेणेच घडते, तिला काही देता यावे म्हणून तिने मुक्काम करावा लागतो, आणि मूर्ती हा तो मुक्काम आहे. खोऱ्यातली हळद तिच्याच पाण्यावर पोसलेली असते, म्हणून हळदीकुंकवात तिचेच तिला परत जाते. पण ते घेण्यासाठी तिला काही दिवस मांडवात बसवावे लागते. नवसाकडेही या दृष्टीने पाहिले तर त्याच्यावर नेहमी येणारा सौद्याचा आरोप पातळ होतो, कारण देणेघेणे जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालते तेथे त्याला व्यवहारापेक्षा नाते म्हणणेच रास्त आहे.

देवता येते-जाते ही समजूत खोऱ्यात सर्वत्र आहे. गुरू कन्या राशीत आला की गंगा वर्षभर कृष्णेच्या भेटीला येते असे मानतात. बारा वर्षांनी येणारा हा ‘कन्यागत’ पर्वकाळ अलीकडे 2016 मध्ये झाला. जवळच्या बावधनला भैरवनाथाच्या यात्रेत बगाडावर, म्हणजे दगडी चाकांच्या प्रचंड लाकडी गाड्याच्या उंच शिडावर, टांगला जाणारा नवसकरी होळीला देवाचा कौल लावून ठरतो, आणि रंगपंचमीला कृष्णास्नान करूनच बगाडावर चढतो. कौल हा देवाचा होकार आहे, आणि शबरस्वामींच्या देवतेला होकार देता येत नाही. या खोऱ्यातील शेतकऱ्याने त्यांचा पक्ष कधी स्वीकारला नाही, आणि त्याची बाजू तर्काने दुबळी दिसली तरी अनुभवाने दुबळी नाही.

वाईच्या वरच्या अंगाला धोम येथे धरण झाल्यापासून नदीचे पाणी आवर्तनांनी, म्हणजे पाटबंधारे खात्याने ठरवलेल्या पाळ्यांनी, सुटते. पंचांगातील उत्सव आणि कालव्याची पाळी अशी आता दोन वेळापत्रके एकाच पाण्यावर चालतात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये घाटावर बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत पुराचा लोट दुभंगावा म्हणून माशाच्या आकाराची केली आहे. फाल्गुनात देवीला निरोप देऊन मूर्ती परत नेली जाते, मांडव उतरतात. आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की कोणी आवाहन केलेले नसताना कृष्णा पायऱ्या चढून त्या मंदिरात शिरते.