न दिसण्याचे प्रामाण्य

एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणता येते काय, या प्रश्नाचा ऊहापोह भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांची चिकित्सा करणाऱ्या शास्त्रात, शतकानुशतके चालला. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांनी ‘श्लोकवार्तिका’त अभावाच्या ज्ञानासाठी वेगळे प्रमाण मानले, आणि भाट्ट परंपरेत ते अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, या नावाने रूढ झाले. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, अभाव हा पदार्थ म्हणून स्वीकारला, पण तो इंद्रियांनीच कळतो असे म्हटले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने अनुपलब्धीला अनुमानाच्या हेतूंमध्ये जागा दिली. वाद तीव्र असला तरी एक अट बहुतेकांना मान्य होती: जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे पुरावा ठरते. उजेडात मोकळ्या जमिनीवर घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. पिशाच उजेडातही दिसणारे नसल्यामुळे त्याच्या न दिसण्याचा काहीच उपयोग नाही. या अटीला योग्यता म्हणतात.

शास्त्रग्रंथांतील उदाहरणांत ही योग्यता बहुधा आयती असते: जमीन समोर, उजेड पुरेसा, डोळा निर्दोष. यंत्रातील बिघाड शोधणाऱ्याला ती आयती मिळत नाही, आणि कोकण किनाऱ्यावरील डिझेल इंजिनाच्या मासेमारी नौकेत बॅटरी चार्ज होईनाशी झाली की हे विशेष स्पष्टपणे कळते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर वीज निर्माण करतो. अनेक नौकांत तांडेलापुढे चार्जिंगचा एक लाल दिवा असतो, जो चावी फिरवताच लागतो आणि इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला की विझतो, कारण तेव्हा दिव्याच्या दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच विद्युतदाब येऊन त्यातून प्रवाह वाहत नाही. विझलेला दिवा म्हणजे दोषाचा अभाव, असा अर्थ तांडेल घेतो. पण दिव्यातील तार जळून तुटली असेल, तरीही दिवा विझलेलाच दिसतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, तो लागला होता की नाही हे ज्याने पाहिले नाही, त्याच्या लेखी नंतरच्या लाल दिव्याच्या न दिसण्याला अंधारातल्या घड्याइतकीच किंमत आहे.

प्रकरण येथेच थांबत नाही. नैयायिक कारणांचे दोन प्रकार करतात: वस्तू घडवणारा कारक हेतू, जसा घड्याचा कुंभार, आणि केवळ वस्तू कळवणारा ज्ञापक हेतू, ज्याचे रूढ उदाहरण म्हणजे दिवा, कारण दिवा घडा दाखवतो, घडवत नाही. चार्जिंगचा दिवा हे विभाजन मोडतो. अनेक अल्टरनेटरांत फिरत्या भागाला सुरुवातीचे चुंबकत्व देणारा क्षीण प्रवाह याच दिव्यातून जातो, त्यामुळे दिवा जळाल्यास कमी वेगात अल्टरनेटर वीजच निर्माण करीत नाही. म्हणजे ज्याने दोष कळवायचा तोच दोषाचे कारण होतो, आणि कारण झाल्यामुळेच गप्प राहतो. जाणण्याचे साधन जाणावयाच्या साखळीतच गुंतलेले असेल तर योग्यतेचा विचार नव्याने करावा लागतो. घड्याच्या उदाहरणात त्याची गरजच पडली नव्हती.

दुसरा प्रसंग जोडांचा. खाऱ्या हवेने तारेच्या टोकांवर हिरवट गंज चढतो आणि तेथे विजेला अडथळा होतो. पण प्रवाह वाहत नसताना मल्टिमीटरने तपासल्यास असा जोड निर्दोष भासतो, कारण दाबातील घट ही प्रवाह आणि अडथळा यांच्या गुणाकाराइतकी असते आणि मल्टिमीटर स्वतः नगण्य प्रवाह ओढतो. 0.02 ओहमच्या अडथळ्यातून 60 अँपिअर वाहू लागले की मात्र 1.2 व्होल्ट गळून पडतात: अल्टरनेटरपाशी 14.2 व्होल्ट दिसतात, बॅटरीला 13 मिळतात, आणि 12 व्होल्टची बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहून निकामी होते. म्हणून जाणता मिस्त्री सगळे दिवे आणि पंप लावून, इंजिनाचा वेग वाढवून, मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन टोकावर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवतो. तो दोष शोधण्याआधी दोषाला दिसण्याजोगा करतो. योग्यता ही सापडायची परिस्थिती नसून क्रियेने घडवायची गोष्ट आहे, हे प्राचीन चर्चेत गर्भित असले तरी त्याला तेथे हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

यावर आक्षेप असा, की मग मीटरचीही परीक्षा हवी, आणि त्या परीक्षेचीही. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी अशा अनवस्थेला, म्हणजे न संपणाऱ्या मालिकेला, मर्यादा घातली: शंका तिथवरच खरी, जिथवर ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी विसंगत ठरत नाही. अद्वैत वेदान्ती श्रीहर्षांनी पुढे या मर्यादेवरच हल्ला चढवला, तो येथे बाजूस ठेवता येईल. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य त्यावर आधारलेली प्रवृत्ती, म्हणजे कृती, सफल झाल्याने कळते. पण नौकेच्या बाबतीत ती प्रवृत्ती म्हणजे रात्री समुद्रात जाणे, आणि तेथे ती विफल झाली तर वायरलेस आणि दिशादर्शक दिवे यांसह स्वतःला सुधारण्याची संधीही जाते. त्यामुळे धक्क्याला बांधलेल्या नौकेत सर्व भार लावून केलेली चाचणी ही त्या प्रवृत्तीची बंदरातच काढलेली लहान आवृत्ती ठरते, आणि नैयायिकांची कसोटी समुद्रावर टिकायची तर ती याच रूपात टिकते.