ताप अडू नये म्हणून

होसकोटे हे नाव मराठी वाचकाला शहाजीराजांच्या जहागिरीमुळे ओळखीचं असतं. बंगळुरूच्या तरुणांना ते पहाटेच्या दम बिर्याणीमुळे ठाऊक. सुटीच्या दिवशी अंधारातच गाड्या जुन्या मद्रास रस्त्याला लागतात आणि उजाडायच्या आत होसकोट्यात सरपणावर शिजलेल्या हंड्यांपुढे रांगा लागतात. दम देण्याची सगळी कला उष्णता कोंडून ठेवण्यात आहे. झाकण घट्ट बसवायचं, वाफ जाऊ द्यायची नाही आणि धीर धरायचा.

त्या रांगेतल्या कित्येकांच्या घरी नेमकी उलटी अडचण असते. रात्री गेम रंगात आला की लॅपटॉपचे पंखे ओरडू लागतात आणि ऐन लढाईत चित्र अडखळतं. तिथे उष्णता नको असताना कोंडलेली असते.

होसकोट्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या लॅपटॉपचं असंच झालं. प्रोसेसरचं तापमान 100 अंशांना टेकलेलं. तिथवर पोचला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. जळण्यापेक्षा रेंगाळणं बरं, अशी सोय बनवणाऱ्यांनीच करून ठेवलेली असते. भाच्याने खाली पंख्यांचं स्टँड ठेवलं, खिडक्या उघडल्या. होसकोटे समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच पठारावर आहे. रात्रीची हवा छान गार. तरी आकडा जेमतेम हलला. बाहेर कितीही गारवा असला, तरी आतल्या उष्णतेला त्याच्यापर्यंत पोचायची वाट हवी ना! ती वाट कुठे अडली आहे, हे पाहायला शेवटी लॅपटॉप उघडावा लागला.

चिपवर तांब्याचा पत्रा बसवलेला असतो. पत्र्याला जोडलेल्या उष्णतानलिका चिपचा ताप पंख्याजवळच्या बारीक पात्यांपर्यंत नेतात. चिप आणि पत्रा दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर दोहोंवर खाचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा सुमारे 15,000 पट चांगलं उष्णता वाहतं. म्हणजे ही हवेची फट केसाहून बारीक असली, तरी पुढची सगळी यंत्रणा पांगळी करायला पुरेशी आहे. थर्मल पेस्ट ती फट भरते.

ही पेस्ट काही तांब्यासारखी उत्तम वाहक नसते. तांब्यापुढे ती फारच कमी पडते. तिचं काम एकच, हवेला हुसकून देणं आणि दोन पृष्ठभागांना भिडू देणं. म्हणूनच ती सढळ हाताने थापली की फायद्याऐवजी अडथळाच होतो.

पेस्ट कायमची टिकतही नाही. रोज तापायचं, रोज निवायचं. धातू फुगतो, आकसतो आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. मध्ये उरते ती वाळत जाते. अलीकडे तिच्याऐवजी एक पातळ पत्रीही मिळते. ती गार असताना घट्ट असते आणि साधारण 45 अंशांना मऊ होऊन खळगे भरते. गॅलियमचा द्रवधातू त्याहून सरस वाहक, पण तो अॅल्युमिनियम पोखरतो आणि त्यातून वीजही वाहते. एक थेंब भलतीकडे गेला की बोर्ड निकामी. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

भाच्याने काम शांतपणे केलं. आधी बॅटरीची जोडणी काढली. पत्र्यावर छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने स्क्रू थोडेथोडे सैल केले. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. मेमरीवरचे मऊ पॅड फाटू दिले नाहीत. पंख्याच्या पात्यांत धुळीची चक्क गादी साचली होती. चेन्नईला जाणारा नवा द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो आणि ट्रकची वर्दळ थांबत नाही, त्या गावात दुसरं काय साचणार? धूळ काढली, नवी पेस्ट बेताने लावली, स्क्रू पुन्हा क्रमाने आवळले. आकडा चांगलाच उतरला.

“मामा, लॅपटॉप थंड झाला!” तो म्हणाला.

मी त्याला झरोक्यापाशी हात धरायला सांगितलं. हवा चांगली गरम येत होती. चिपमध्ये जेवढी वीज जाते, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. लॅपटॉप 150 वॅट ओढत असेल, तर खोलीला 150 वॅटचीच ऊब मिळणार, पेस्ट जुनी असो की नवी. नव्या पेस्टने उष्णता कणभरही घटवली नव्हती. तिला वाट करून दिली होती.

मला यातलं एवढंच मोलाचं वाटतं. तापणं हा दोष नव्हे. जो काम करतो, तो तापतो. यंत्र असो की घर चालवणारी बाई, की परीक्षेच्या दिवसांतला मुलगा. त्यांना आपण “शांत राहा” एवढंच सांगतो, म्हणजे बाहेरून पंखा लावतो. त्यांच्या मनातला ताप ऐकणाऱ्यापर्यंत पोचतो का, की मधल्या पोकळीत अडतो, हे पाहत नाही. आणि पाहिलंच, तर उपदेशाचा जाड थर थापतो. बहुतेक वेळा “बोल, ऐकतोय” एवढं पुरतं. पण ते एकदा म्हणून भागत नाही. रोजच्या तापण्या-निवण्यात जवळच्या माणसांमध्येही फट पडते आणि ती अधूनमधून पुन्हा भरावी लागते.

तेव्हा यंत्राचा पंखा ओरडू लागला, तर आधी धूळ काढा, मग पेस्ट बदला आणि थर पातळ ठेवा. घरातल्या कुणाचा आवाज चढला, तर त्याला गप्प करण्याआधी आज दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा.