फुंकणी आणि खांब

कोंडाणे गावात एक ठाकर आजी राहायची. लेण्यांकडे जाणारी वाट गाव सोडून रानात शिरते, तिथेच तिचं घर. सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. पावसाळ्यात ओली लाकडं, उन्हाळ्यात शेतावर राब भाजतानाचा धूर आणि बाराही महिने हातात लोखंडी फुंकणी. विडीला तिनं कधी हात लावला नव्हता, तरी खोकला मात्र विडीवाल्यासारखा.

एका ज्येष्ठात गावच्या शाळेत छातीच्या तपासणीचं शिबिर भरलं. नात हाताला धरून आजीला घेऊन गेली. तरुण डॉक्टरानं विचारलं, "आजी, चालताना धाप लागते का?"

"नाय रे बाबा. बरी हाय मी."

डॉक्टरानं तिच्या हातात यंत्राची नळी दिली. "छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोरानं सोडा. संपेपर्यंत थांबायचं नाही."

आजीनं नळी उलटसुलट करून पाहिली आणि हसली. "म्हंजी ही तुजी फुंकनीच की!"

तिनं तीनदा फुंकलं. तिसऱ्या वेळी खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. यंत्रानं कागद दिला. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईनं पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकावी, तिच्या 44 टक्केच आजीनं टाकली होती. पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं, तरी आकडा जागचा हलला नाही. गावात याला सरसकट दमा म्हणतात. डॉक्टरानं कार्डावर लिहिलं, 'सीओपीडी, तीव्र'; म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार.

लिहिलं खरं, पण तो बुचकळ्यात पडला. कागद म्हणतो तीव्र आणि आजी म्हणते बरी. दोघांपैकी कुणाचं तरी चुकतंय.

तेवढ्यात नात म्हणाली, "डॉक्टर, आजीला धाप लागत नाही, कारण आजी आता चालतच नाही. आधी पावसाळ्यात ती लेण्यांकडे काकड्या विकायला जायची. मुंबई-पुण्याची पोरं यायची ना फिरायला. ते सुटलं. मग पाण्याला जाणं सुटलं. आता घर आणि अंगण, बस."

डॉक्टराच्या डोक्यात उजेड पडला. हा आजार वर्षानुवर्षं हळूहळू चढतो आणि माणूसही तितकंच हळूहळू एकेक काम सोडत जातो. मग काम नाही म्हणून धाप नाही आणि धाप नाही म्हणून 'बरी हाय'. आजी खोटं बोलत नव्हती. तिचं जगच अंगणाएवढं झालं होतं आणि त्या अंगणात ती खरंच बरी होती.

त्यानं पंप लिहून दिला आणि तो कसा ओढायचा ते समोर बसून शिकवलं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगितला. रोज नातीबरोबर थोडं चालायचं, दर आठवड्याला वाट थोडी वाढवायची. चूल घरातून अंगणात, मोकळ्या हवेत न्यायची.

दिवाळीनंतर शिबिर पुन्हा भरलं. आजीनं पुन्हा तीनदा फुंकलं. आकडा आला 45.

डॉक्टराचं तोंड उतरलं. पाच महिन्यांची औषधं आणि फरक एका टक्क्याचा! एवढा फरक तर एकाच दिवसातल्या दोन फुंकांतही पडतो. 'उपचाराचा उपयोग नाही' असं लिहायला त्यानं पेन उचललं, तशी आजीनं त्याचा हात धरला.

"काय लिवतोस? मला इचारलंस का?"

"काय विचारू, आजी?"

"भादव्यात मी लेण्यांपातूर गेले. तीनदा बसले वाटंत, पन गेले. पाटीभर काकड्या इकल्या. इश्वास नसंल तर चल माझ्यासंगं."

डॉक्टर शिबिर आटोपून खरंच निघाला. आजी ओठांचा चंबू करत सावकाश चालली. तीन ठिकाणी दगडावर टेकली, उठली आणि पोचली.

कोंडाण्याचं चैत्यगृह दोन हजार वर्षांचं. दर्शनी कमान कातळातली, पण कोरलेली लाकडी बांधकामासारखी. आत मात्र पाण्यानं खांब खाल्लेत. कित्येकांचा खालचा भाग नाहीसा झालाय आणि वरचे तुकडे छताला लोंबल्यासारखे दिसतात.

आजी धाप ओसरेपर्यंत बसून राहिली. मग वर बोट दाखवून म्हणाली, "ते खांब बघ. खालनं गेले. आता परत येनार हायत का? पन छत उभं हाय. तू खांब मोजतोस. मी छताखाली ऱ्हाते."

डॉक्टर बराच वेळ वर बघत राहिला. म्हणाला, "खरं आहे, आजी. पण खांब कुणी मोजलेच नसते, तर ज्येष्ठात तुम्ही बऱ्याच होता की!"

आजी खोकत खोकत हसली. "त्ये बी खरंच."

त्या दिवसापासून डॉक्टरानं कार्डावर दोन रकाने आखले. एकात फुंकणीचा आकडा आणि दुसऱ्यात आजीचे थांबे. दोन्हींत बिघाड दिसला, तर धावपळ करायची. एकातच दिसला, तर दुसऱ्याला विचारायचं की असं का.

कोंडाण्याच्या डॉक्टराला एका वाटेवर जे उमगलं, ते उमगायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. लंडनच्या जॉन हचिन्सननं श्वास मोजायचं यंत्र 1846 मध्ये जगापुढे आणलं आणि पुढे दीर्घकाळ त्याच्याच आकड्याचा शब्द अखेरचा ठरत आला. 2004 मध्ये 'बोड' नावाचा निर्देशांक आला. त्यात श्वासाच्या आकड्याशेजारी रुग्णाचं वजन-उंचीचं प्रमाण, त्याला लागणारी धाप आणि सहा मिनिटांत त्यानं चाललेलं अंतर मांडलं गेलं. रुग्णाच्या जिवाला किती धोका आहे, हे चारही मिळून नुसत्या श्वासाच्या आकड्यापेक्षा नेमकं सांगतात, असं दिसलं. 2009 मध्ये आठ प्रश्नांची, 40 गुणांची एक साधी प्रश्नावली आली. चढ चढताना धाप लागते का, घराबाहेर पडायचा धीर होतो का, झोप लागते का, हे तिथे डॉक्टर ठरवत नाही, रुग्ण सांगतो. 2011 पासून या आजाराच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनीही रुग्णाच्या उत्तरांना श्वासाच्या आकड्याशेजारी जागा दिली.

आजी अजून पंप ओढते. फुंकणीचा आकडा 45 च्या आसपासच आहे. वाटेतले थांबे तीनाचे दोन झालेत.

तात्पर्य : यंत्राला दिसतं ते रुग्णाला कळत नाही आणि रुग्णाला कळतं ते यंत्राला दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनो, आकडा लिहिण्याआधी माणसाला विचारा. आणि आजीआजोबांनो, 'बरा आहे' म्हणण्याआधी आठवून पाहा, गेल्या वर्षी जिथवर चालत जात होता, तिथवर यंदा गेलात का?