उपकारांची फेड की उपकारांची साक्ष?



शाळेच्या क्रीडास्पर्धा संपतात, बक्षीस-समारंभ होतो आणि पहिल्या आलेल्या मुलाच्या हाती ढाल दिली जाते. ढालीवर नाव त्याचे एकट्याचेच असते. ते योग्यच आहे, कारण धावला तो एकटाच. तरी पण ते यश केवळ त्याचे आहे काय? आणि नसेल, तर ज्यांनी त्याला येथवर आणले त्यांचे तो काय देणे लागतो? पुष्कळांना हा प्रश्न निव्वळ शिष्टाचाराचा वाटतो. भाषणात दोन वाक्ये आभाराची बोलली की झाले, असे ते समजतात. माझ्या मते हा प्रश्न नीतीचा आहे. याचे उत्तर चुकले तर मनुष्य एक तर गर्विष्ठ होतो, नाही तर कोणाचा तरी जन्माचा मिंधा होऊन बसतो.

अमेरिकेतील जेसी ओवेन्स याचे उदाहरण घेऊ. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत त्याने चार सुवर्णपदके मिळवली, हे अनेकांना ठाऊक आहे. वंशश्रेष्ठतेचा डांगोरा पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीत एका काळ्या तरुणाने हा पराक्रम केला, म्हणून ती गोष्ट जगभर गाजली. त्याच्या शाळकरी वयातली गोष्ट मात्र तितकी गाजलेली नाही.

जेसीचा जन्म १९१३ साली अलाबामा राज्यात, दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या एका गरीब घरात झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा, आणि लहानपणी छातीच्या दुखण्याने वरचेवर आजारी पडणारा. तो नऊ वर्षांचा असताना ते कुटुंब पोटापाण्यासाठी उत्तरेकडे क्लीव्हलँड शहरी आले. तेथे माध्यमिक शाळेत चार्ल्स रायली नावाचे गोरे क्रीडाशिक्षक होते. मुलाच्या पायांत काही विशेष आहे हे त्यांनी हेरले. पण अडचण अशी की, शाळा सुटल्यावर इतर मुले सरावाला जात, तेव्हा जेसीला जोडे दुरुस्तीच्या दुकानात कामाला जावे लागे. ‘सरावाची वेळ हीच आहे, जमत असेल तर ये,’ असे रायली म्हणू शकले असते. त्यांना कोणीही दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. सकाळी शाळा भरण्यापूर्वी ते मैदानावर येऊ लागले आणि या एका मुलाचा सराव घेऊ लागले.

पुढे ईस्ट टेक्निकल हायस्कूलचा विद्यार्थी असताना, १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत जेसीने शंभर यार्डांचे अंतर ९.४ सेकंदांत तोडून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. त्याच स्पर्धेत त्याने पावणेपंचवीस फुटांहून लांब उडी मारली. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही आपल्या यशाचे श्रेय तो रायली यांच्या उत्तेजनाला देत असे.

आता कोणी म्हणेल, ‘शिक्षकाला पगार मिळतोच की! त्याने आपले काम केले, यात उपकार कसला?’ हा आक्षेप वाटतो तितका पोकळ नाही. पगाराबद्दल जे काम ठरलेले आहे ते मागण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे, आणि हक्काची वस्तू मिळाल्याबद्दल कोणी पायांवर लोटांगण घालू नये. परंतु त्या सकाळी कोणत्या पगारात बसत होत्या? शिवाय पगार शिकवण्याबद्दल मिळतो. एखाद्या मुलावर विश्वास ठेवण्याबद्दल तो कोणी देत नाही, आणि देऊ म्हटले तरी देता येणार नाही.

दुसरा कोणी उलट बाजूने म्हणेल, ‘धावला तर जेसीच ना? रायली काही त्याच्याऐवजी धावले नाहीत.’ हेही खरे आहे. उपकार मानल्याने स्वतःचे कष्ट खोटे ठरत नाहीत. घाम त्या मुलाचाच होता. पण घाम गाळण्याची संधी, जागा, वेळ आणि धीर यांतले त्याचे स्वतःचे किती होते, हे प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. ‘मी माझ्या बळावर वर आलो’ असे म्हणणारा मनुष्य कृतघ्न तर असतोच; पण त्याआधी तो असत्य बोलत असतो.

मग या उपकारांची फेड कशी करावी? येथे आपल्या महाराष्ट्रातले एक उदाहरण उपयोगी पडते. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले. कुस्तीचे पहिले धडे त्यांना वडिलांकडून मिळाले होते. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जाण्यासाठी पैशांची मोठी अडचण आली. गावकऱ्यांनी आपापल्या परीने वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक मिळेल याची त्या वेळी कसलीच खात्री नव्हती. खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबांनी काय केले? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, आणि त्यांच्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवले.

ही गोष्ट सांगताना आपण बहुधा येथेच थांबतो. मला पुढे विचारावेसे वाटते की, घर सुटले तेव्हा खाशाबा उपकारातून मोकळे झाले काय? कर्जातून झाले. सात हजार रुपये मोजून परत देता येतात, आणि ते दिलेच पाहिजेत. नुसते ‘आपले फार उपकार आहेत’ म्हणत दुसऱ्याचे पैसे बुडवणे हा ढोंगीपणा होय. पण घर जाण्याचा जो धोका खर्डेकरांनी पत्करला, त्याची फेड कोणत्या कुस्तीने होणार? जे मोजता येते ते फेडावे. जे मोजता येत नाही त्याची साक्ष द्यावी. कृतज्ञता ही मूळची साक्षच आहे: ‘माझ्याजवळ जे आहे ते मला असे मिळाले, यांच्याकडून मिळाले,’ असे चारचौघांत खरे सांगणे.

कृतज्ञतेला साक्ष म्हटले की आणखी एक गुंता सुटतो, आणि तो आज आपल्या तरुणांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उपकार करणारे सगळेच रायली किंवा खर्डेकर नसतात. ‘मी तुला घडवले’ या वाक्याचे दावे करून मुलाला जन्मभर बांधून ठेवणारेही असतात. मी सांगेन तेथेच खेळ, मी म्हणेन त्याच्याच बाजूने बोल, आणि माझे काही चुकले तर तोंड उघडू नको, असा त्यांचा रोख असतो. मुलीही प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करतात. तेथे या बंधनाचे रूप किती भयंकर होऊ शकते हे आईबापांना सांगायला नको. अशा वेळी ‘त्यांचे उपकार आहेत, गप्प राहा’ असे जर घरची माणसेच म्हणू लागली, तर ते कृतज्ञतेच्या नावाखाली अन्याय करतात. साक्षीदार हा गुलाम नव्हे. त्याने खरे सांगायचे असते. मिळालेले चांगले लपवू नये, तसेच झालेले वाईटही लपवू नये.

शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. दहाही बरे झाले, एकच परत आला, आणि तोही शोमरोनी. नऊ जणांविषयी प्रभूने विचारणा केली, पण त्यांचे बरेपण काढून घेतले असे लूक कोठेही लिहीत नाही. देणगी खरी असेल तर ती आभारांच्या अटीवर दिलेली नसते. परत आलेल्या एकाने मोठ्याने देवाचे गौरव केले. म्हणजे त्याने साक्ष दिली. आपल्या उपासनेत उपकारस्तुतीला जे स्थान आहे त्याचा अर्थही हाच नव्हे काय?

या साक्षीला दोन गोष्टींची जोड हवी. पहिली, ती पुढे चालली पाहिजे. रायलींच्या सकाळी रायलींना परत करता येत नाहीत. पण ज्याला तशा सकाळी मिळाल्या, तो आपल्या गल्लीतल्या एखाद्या पोराला एक तास देऊ शकतो. दुसरी, ती वेळेवर दिली पाहिजे. खाशाबा जाधव १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मरणोत्तर गौरव करू नये असे नाही, परंतु ज्याचा गौरव करायचा त्याच्या कानी तो कधी पडत नाही.

म्हणून पालकांना व संडे स्कूलच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदा आपल्या मंडळीतले मूल शाळेतून कप किंवा ढाल घेऊन आले, तर शाबासकी दिल्यावर त्याला विचारा, ‘यात तुला कोणाकोणाचे साहाय्य झाले?’ ते मूल शिक्षकांचे नाव सांगेल. मग पहाटे उठून डबा करणारी आई, सायकल देणारा भाऊ, मैदानावर चुन्याच्या रेघा आखणारा शिपाई यांची आठवण त्याला करून द्या. आणि यांपैकी एकाला तरी त्याने त्याच आठवड्यात भेटून तसे सांगावे, एवढे पाहा.